एक चौकोन म्हणजे किती? ‘द सिम्स’मधल्या घरांचे माप

‘द सिम्स’ या खेळात घर बांधायला घेतले की रिकाम्या प्लॉटवर बारीक रेषांची जाळी उमटते. भिंती या रेषांवरून ओढायच्या, फरशी चौकोन भरत टाकायची, पलंग, ओटा, कमोड, जेवणाचे टेबल हे सगळे चौकोनांत बसवायचे. खेळाच्या चौथ्या आवृत्तीत प्लॉट 20×15, 30×20, 40×30, 50×50, 64×64 अशा ठरावीक आकारांत मिळतात. या आकड्यांपुढे फूट किंवा मीटर असे काही लिहिलेले नसते. वीस म्हणजे वीस चौकोन. ओळखीच्या एखाद्या घराची हुबेहूब प्रतिकृती उभारू पाहणाऱ्याला पहिला अडसर इथेच येतो. चौकोनाची लांबी किती, याचे उत्तर आकड्यात देता येते आणि ते बऱ्यापैकी पक्केही आहे. पण केवळ त्या आकड्यावर विसंबून बांधलेल्या घरात पात्रांना धड चालताही येत नाही. याचे कारण असे की चौकोन ठरला तो लांबी मोजण्यासाठी नव्हे. एक माणूस उभा राहील, वळेल आणि समोरची वस्तू वापरेल एवढी जागा, हा त्याचा मूळ अर्थ आहे.

खेळाचा जनक विल राइट याच्या आधीच्या कामातही जाळी होतीच. 1989 च्या ‘सिमसिटी’त शहराचा नकाशा 120×100 चौकोनांचा होता आणि निवासी, व्यापारी व औद्योगिक विभाग 3×3 चौकोनांच्या तुकड्यांत आखावे लागत. ऑक्टोबर 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यात राइटचे घर जळाले. संसार नव्याने मांडताना माणसाला खरोखर काय काय लागते हा विचार त्याच्या मनात बळावला, आणि घर रचण्याच्या खेळाच्या कल्पनेला त्यातून धार आली. सुरुवातीच्या आराखड्यात वास्तुरचना हाच खेळाचा गाभा होता. घरात वावरणारी छोटी माणसे त्या रचनेचे गुण-दोष दाखवण्यापुरती होती. पुढे ही माणसेच इतकी रंजक ठरली की खेळ त्यांचा झाला. मॅक्सिस या कंपनीने घडवलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेला ‘द सिम्स’ फेब्रुवारी 2000 मध्ये आला. दुसरी आवृत्ती 2004 मध्ये, तिसरी 2009 मध्ये आणि चौथी 2014 मध्ये आली. घराची परीक्षा त्यात राहणाऱ्याने घ्यायची, हा मूळ हेतू मात्र चारही आवृत्त्यांत टिकून आहे.

पहिल्या आवृत्तीत जाळी ही तांत्रिक गरजही होती. त्या काळच्या घरगुती संगणकांवर सामानाने भरलेले घर त्रिमितीत रेखाटत राहणे झेपणारे नव्हते. म्हणून तिथली माणसे तेवढी त्रिमितीत घडवलेली होती आणि वस्तू म्हणजे आधीच काढून ठेवलेली चित्रे होती. प्रत्येक वस्तूचे चित्र चार दिशांनी आणि तीन अंतरांवरून तयार केलेले असे, आणि चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासोबत त्याच्या खोलीची माहिती साठवलेली असे. त्यामुळेच सोफ्यामागून जाणारा माणूस सोफ्याआड झाकला जाई. चित्रे चारच दिशांची, तेव्हा खुर्ची तिरपी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मोठी वस्तू एकेका चौकोनाएवढ्या तुकड्यांची बनलेली असे. तिरपी भिंत उभारता येई, पण तिच्यात दार किंवा खिडकी बसवता येत नसे.

दुसऱ्या आवृत्तीपासून सारे घरच त्रिमितीत आले आणि तिरप्या भिंतीत दारे-खिडक्याही बसू लागल्या. चित्रांची अडचण संपली, तरी जाळी गेली नाही. या खेळात वस्तू वापरण्याची रीत माणसाच्या डोक्यात नसते, ती वस्तूतच लिहिलेली असते. फ्रिज आसपासच्या भुकेल्या पात्राला आपण भूक भागवू शकतो असे कळवतो, पलंग दमलेल्याला बोलावतो. पात्र जवळ आले की कुठे उभे राहायचे, कोणत्या बाजूला तोंड करायचे, हात किती उंचीवर न्यायचा हे सगळे ती वस्तूच सांगते. फ्रिजचे दार उघडायला समोरचा चौकोन मोकळा हवा. पलंगावर चढायला त्याच्या कडेला जागा हवी. ही जागा अडलेली असेल तर पात्र हात हलवत तक्रार करते आणि पाऊल पुढे टाकत नाही. नकाशावर मोकळे दिसणारे घरही अशा चार-सहा अडलेल्या चौकोनांमुळे निकामी होते. वस्तूने व्यापलेली जागा आणि ती वापरायला लागणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाळी दोन्ही एकाच मापाने मोजते. नवख्या बांधणाऱ्याची सर्वांत जास्त गफलत इथेच होते, कारण विकत घेताना दिसते ती पहिली जागा; दुसरी दिसत नाही.

दोन पात्रांमधल्या हालचालींनाही हेच लागू पडते. हस्तांदोलन, मिठी, नाच यांच्या हालचाली आधीच घडवून ठेवलेल्या असतात आणि दोघांमधले अंतर व दोघांच्या उंचीचे नाते ठरलेले असेल तरच हात हाताला भिडतो. म्हणून चौथ्या आवृत्तीत किशोरवयापासून म्हातारपणापर्यंत सगळ्यांची उंची एकच आहे. चेहरा, बांधा, चाल हवी तशी घडवता येते. उंची वाढवता येत नाही. ओट्याची उंची, खुर्चीची बैठक, दाराची कडी हे सगळे त्या एका देहाच्या मापाने घडवलेले आहे.

आता आकड्याकडे वळता येईल. खेळासाठी नव्या वस्तू घडवणारे हौशी कारागीर त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये काम करतात तेव्हा त्यातले एक एकक म्हणजे खेळातला एक चौकोन धरले जाते, आणि त्या मापात प्रौढ पात्राची उंची दोन एककांहून थोडी कमी भरते. ही उंची साधारण उंच माणसाची मानली तर एक चौकोन एक मीटरचा होतो. भिंतींवरूनही हाच निष्कर्ष निघतो. चौथ्या आवृत्तीत भिंतीच्या तीन उंची आहेत आणि भिंतीच्या रंगाचे किंवा वॉलपेपरचे चित्र बनवताना एका चौकोनाच्या रुंदीला उंचीचे प्रमाण अनुक्रमे 1:3, 1:4 आणि 1:5 ठेवावे लागते. म्हणजे सर्वांत बुटकी भिंत तीन मीटर, जवळपास दहा फूट. आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही मजल्याची उंची साधारण एवढीच असते. एका झडपेचे दार एका चौकोनात बसते, दोन झडपांचे दोन चौकोनांत.

चौकोन एक मीटरचा धरला की प्लॉटची मापे महाराष्ट्रातल्या वाचकाला गुंठ्यांत सांगता येतात. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, सुमारे 101 चौरस मीटर. त्या हिशेबाने 20×15 चा प्लॉट जवळपास तीन गुंठ्यांचा आणि 30×20 चा सहा गुंठ्यांना किंचित कमी. 64×64 या सर्वांत मोठ्या प्लॉटचे क्षेत्रफळ 4,096 चौरस मीटर भरते, आणि एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. म्हणजे तो जवळजवळ नेमका एक एकर होतो. हा निव्वळ योगायोग दिसतो. 64 ही संख्या दोनचा घात असल्याने संगणकाच्या हिशेबाला सोयीची आहे, एवढेच तिच्यामागचे कारण पुरेसे आहे.

खेळातल्या भिंतीला नकाशावर जाडी नसते, ही आणखी एक महत्त्वाची गोष्ट. भिंत रेषेवर उभी राहते आणि दोन्ही बाजूंचे चौकोन पूर्ण वापरता येतात. प्रत्यक्षात विटांच्या बांधकामात बाहेरची भिंत नऊ इंच आणि आतली साडेचार इंच घेते. त्यामुळे खेळात चौकोन मोजून जे क्षेत्रफळ मिळते ते थेट चटईक्षेत्र असते. बिल्टअप आणि कार्पेट असा भेद तिथे नाही. 600 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट खेळात 56 चौकोनांचा व्हायला हवा. 7×8 चौकोनांचे ते घर बांधून पाहिले की घोटाळा लगेच लक्षात येतो. त्यात दोन शयनगृहे, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणीघर काही केल्या मावत नाही.

कारण फर्निचर चौकोनांच्या पूर्ण पटीत वाढलेले असते. घरातला मोठा डबलबेड सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो, म्हणजे साधारण 1.8 गुणिले 2 मीटर. खेळात डबलबेडला दोन गुणिले तीन चौकोन लागतात, म्हणजे सहा चौरस मीटर; खऱ्या पलंगाच्या जवळपास पावणेदोन पट. स्वयंपाकाचा ओटा घरात दोन फूट खोल असतो, खेळात एक चौकोन, म्हणजे सव्वातीन फूट. कमोड, वॉश बेसिन, फ्रिज, शेगडी यांनाही प्रत्येकी एकेक चौकोन. खरे तर वस्तूंचे दिसणारे आकार एवढे फुगलेले नसतात. कमोड चौकोनाच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, पण उरलेल्या पट्टीत दुसरे काही ठेवता येत नाही. दहा बाय अकरा फुटांचे आपले नेहमीचे शयनगृह मीटरच्या हिशेबाने 3×3 चौकोनांचे होते. त्यात पलंग टाकला की तीन चौकोनांची एकच पट्टी शिल्लक राहते. पलंगावर एकाच बाजूने चढता येते, कपाट ठेवले की तीही वाट अडते.

यावर अनुभवी बांधणारे दोन मापे वापरतात. घर बाहेरून कसे दिसावे, दर्शनी भाग किती रुंद, दोन इमारतींत किती अंतर, यासाठी एक चौकोन तीन फुटांचा धरला तर प्रमाण बरोबर जमते. आतल्या खोल्या आखताना तोच चौकोन अडीच फुटांचा धरणे सोयीचे पडते. मग दहा फुटांची भिंत चार चौकोनांची होते, पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकोन सुटतो आणि खोलीत वावरता येते. या पद्धतीत 600 चौरस फुटांचा फ्लॅट 96 चौकोनांपर्यंत जातो. आकड्यांत तो मूळ घरापेक्षा मोठा झालेला असतो, पण पडद्यावर पाहणाऱ्याला तो तेवढाच, तसाच दाटीवाटीचा भासतो. न्हाणीघरासारख्या छोट्या जागेत मात्र भागाकार बाजूला ठेवून वस्तूच मोजाव्यात: कमोडला एक, बेसिनला एक, शॉवरला एक आणि उभे राहायला एक, असे 2×2 चौकोन पुरतात.

माणसाच्या वापरावरून घराचे माप ठरवण्याची रीत वास्तुकलेत जुनी आहे. जपानमध्ये खोलीचा आकार तातामी चटयांच्या संख्येवर सांगतात. साधारण 91 सेंटिमीटर रुंद आणि 182 सेंटिमीटर लांब अशी ती चटई एका माणसाला आडवे होण्यापुरती असते. साडेचार चटयांची, सहा चटयांची, आठ चटयांची खोली असे म्हटले की ऐकणाऱ्याला खोली डोळ्यांसमोर दिसते. फ्रान्समध्ये ल कोर्बुझिए या वास्तुविशारदाने 1.83 मीटर उंचीच्या माणसावरून ‘मॉड्युलॉर’ नावाची मापांची श्रेणी बसवली. ‘द सिम्स’शी थेट संबंध आहे तो ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या विचारांचा. त्यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेला ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ 1977 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आपल्या खेळामागच्या प्रेरणांमध्ये राइट त्याचे नाव घेतो. या ग्रंथात चांगल्या वास्तूचे 253 आकृतिबंध दिले आहेत. त्यांतला एक बाल्कनीविषयी आहे: सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी लोक क्वचितच वापरतात, कारण तिथे खुर्च्या मांडून आरामात बसता येत नाही. सहा फूट म्हणजे खेळातले दोन चौकोन. एका चौकोनाच्या बाल्कनीत खुर्ची ठेवली की तिच्या पलीकडे जायला वाट उरत नाही. दोन चौकोन दिले की पात्रे तिथे येऊन बसतात, गप्पा मारतात. ग्रंथातले निरीक्षण खेळाच्या नियमात कोणी जाणूनबुजून घातले असे म्हणायचे कारण नाही. माणसाच्या देहाला लागणारी जागा प्रामाणिकपणे मोजली की दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकच येते, आणि या खेळाचे मोल त्यातच आहे.

उभ्या दिशेचा हिशेब आडव्यापेक्षा वेगळा आहे. दुसऱ्या आवृत्तीत जमीन उचलण्या-खचवण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होई आणि असे सोळा टप्पे म्हणजे एक मजला. तीन मीटरच्या मजल्याला सोळाने भागले की एक टप्पा पावणेएकोणीस सेंटिमीटरचा येतो. सरळ जिना चार चौकोनांत हे सोळा टप्पे चढतो, म्हणजे प्रत्येक पायरी 25 सेंटिमीटर रुंद पडते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याची पायरी किमान 25 सेंटिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त 19 सेंटिमीटर उंच असावी असे म्हटले आहे. खेळातला जिना या मर्यादेत चपखल बसतो. फर्निचर फुगले तरी जिना फुगला नाही याचे कारणही उघड आहे: पाय उचलून टाकण्याची हालचाल खऱ्या माणसाचीच आहे, आणि पायरी तिच्याशी जुळली नसती तर पात्र हवेत तरंगल्यासारखे दिसले असते. चौथ्या आवृत्तीत भिंत उंच केली की जिना आपोआप लांबतो, त्यामुळे चार किंवा पाच मीटरच्या मजल्याला खालच्या मजल्यावर कितीतरी जास्त जागा सोडावी लागते. लहान प्लॉटवर म्हणूनच बुटकी भिंत निवडणे शहाणपणाचे.

जाळीतून सुटण्याच्या वाटाही खेळात हळूहळू वाढत गेल्या. दुसऱ्या आवृत्तीत चीट कोड टाकून वस्तू पाव चौकोनाने सरकवता आणि 45 अंशांत वळवता येऊ लागल्या. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत ऑल्ट कळ दाबून धरली की वस्तू जाळी सोडून हवी तिथे ठेवता येते. चौथ्या आवृत्तीत फरशी चौकोनाच्या चतुर्थांश त्रिकोणांतही टाकता येते. नोव्हेंबर 2018 मध्ये या आवृत्तीत जमीन उंच-सखल करण्याची सोय आली, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये खोलीच्या एखाद्या भागाची पातळी वर-खाली करण्याची. ‘मूव्हऑब्जेक्ट्स’ हा चीट कोड तर पहिल्या आवृत्तीपासून वापरात आहे. तो चालू केला की एका वस्तूवर दुसरी चढवता येते, चौकोन भरलेला असला तरी त्यात आणखी काही खुपसता येते. सजावटीसाठी तो वरदानच आहे. फुलदाण्या, पुस्तके, पडदे, दिवे दाटीने मांडलेली जी सुरेख घरे चित्रांत दिसतात त्यांतली बहुतेक याच मार्गाने बनलेली असतात. पण वस्तू वापरायला लागणारी जागा या कोडने कमी होत नाही. टेबल पाव चौकोन पुढे सरकवले आणि खुर्ची मागे घ्यायला वाव राहिला नाही, तर त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. चौथ्या आवृत्तीत वस्तू मोठी किंवा लहान करता येते, तरी बसण्याची हालचाल मूळ मापाचीच राहते आणि दुप्पट मोठ्या केलेल्या सोफ्यात पात्र रुतल्यासारखे दिसते. पाहण्यासाठी बांधलेले घर आणि खेळण्यासाठी बांधलेले घर यांत म्हणूनच फरक करावा लागतो.

खर्चही याच एककात मोजला जातो. भिंत एकेका चौकोनाच्या तुकड्यावर, फरशी एकेका चौकोनावर, आणि रक्कम सिमोलियन या खेळातल्या चलनात. नव्या कुटुंबाकडे सुरुवातीला पैसे बेताचे असतात, तेव्हा चार चौकोनांची खोली पाच चौकोनांची करण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

अंतराची दुसरी किंमत वेळेत चुकवावी लागते. चौथ्या आवृत्तीत सर्वसाधारण गतीने खेळताना बाहेरच्या जगातला एक सेकंद म्हणजे आतले एक मिनिट. पूर्ण दिवस 24 मिनिटांत संपतो. घड्याळ साठ पटींनी पळते, पण चालणे साठ पटींनी वेगवान केलेले नाही, पात्रे माणसाच्या नेहमीच्या चालीने चालतात. चौदा-पंधरा चौकोन ओलांडायला खऱ्या माणसाला दहा-बारा सेकंद लागतील, म्हणजे आतली दहा-बारा मिनिटे. शयनगृह एका टोकाला, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला आणि स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर अशी रचना असेल तर सकाळी उठून आवरून कामावर निघेपर्यंत नुसत्या चालण्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि उपाशीपोटी निघण्याची वेळ येते. एकराच्या प्लॉटवरचे प्रशस्त महाल पाहायला देखणे असले तरी त्यांत रोजचा दिवस काढणे जिकिरीचे होते. नेहमी लागणाऱ्या खोल्या एकमेकींना लागून ठेवलेले आटोपशीर घर इथे जास्त सुखाचे ठरते.

या प्रकारच्या नव्या खेळांमध्ये जाळीचे बंधन आणखी सैल होत आहे. 2019 मध्ये जाहीर झालेल्या ‘पॅरालाइव्ह्ज’ने जाळीविना बांधकाम, वक्र भिंती आणि ओढून लहान-मोठ्या करता येणाऱ्या वस्तू हेच आपले वेगळेपण म्हणून मांडले. मार्च 2025 मध्ये प्राथमिक स्वरूपात खुला झालेला दक्षिण कोरियाचा ‘इनझोई’ही त्याच धाटणीचा आहे. भिंत कुठेही संपवता आली तरी पलंगाच्या कडेला चढण्यापुरती, कपाटाचे दार उघडण्यापुरती आणि दोन खुर्च्यांमधून जाण्यापुरती जागा बांधणाऱ्यालाच मोजून सोडावी लागते. फरक इतकाच की आखलेली रेषा नसल्यामुळे ती नजरेने मोजावी लागते.